लेन्स घेण्याआधी हॉल मोजा

कमी पैशांत माणसांचे आणि समारंभांचे चांगले फोटो काढायचे, तर पैसा नेमका कशावर घालावा?

लग्न आटोपले, फोटो आले आणि घरातली मंडळी ते बघायला बसली की दोन कोडी हमखास समोर येतात. पहिले कोडे नाकाचे. नवरीच्या मैत्रिणीने हात लांब करून फोनवर काढलेल्या फोटोत सगळ्यांची नाके फुगलेली आणि कान मागे पळालेले दिसतात. त्याच माणसांचा त्याच तासाला फोटोग्राफरने काढलेला फोटो मात्र आरशात दिसतो तसा असतो. दुसरे कोडे संध्याकाळचे. सकाळी कार्यालयाच्या अंगणात काढलेले फोटो काचेसारखे स्वच्छ आणि रात्रीच्या स्वागत समारंभातले हललेले, दाणेदार, पिवळट. कॅमेरा तोच, लेन्स तीच, बोट तेच.

पहिले कोडे अंतराचे आहे आणि दुसरे उजेडाचे. लेन्स निवडताना खरे तर या दोनच गोष्टी पाहायच्या असतात. दुकानात मात्र चर्चा वेगळ्याच आकड्यांची चालते. ही अठरा-पंचावन्न, ती पंचावन्न-अडीचशे, ही ‘जास्त लांबचे’ घेते. हाताशी पैसा बेताचा असताना नवशिका बहुधा जास्त लांबचे घेणारी स्वस्त झूम उचलतो आणि समारंभात ती निरुपयोगी ठरते. ही चूक का होते आणि तोच पैसा कुठे घातला तर फळतो, हे समजण्यासाठी दोन्ही कोडी आधी सोडवायला हवीत.

नाक मोठे का दिसते?

सर्वसाधारण समज असा की नाक मोठे करते ती लेन्स. ‘वाइड लेन्सने चेहरा बिघडतो, लांब लेन्सने सुंदर दिसतो’ हे वाक्य फोटोग्राफीच्या वर्गात नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. नाकाचे टोक आणि कान यांत साधारण १२ सेंटिमीटरचे अंतर असते. फोन चेहऱ्यापासून ४० सेंटिमीटरवर धरला, तर नाक ४० सेंटिमीटरवर आणि कान ५२ सेंटिमीटरवर असतात. जवळची वस्तू त्या प्रमाणात मोठी दिसते, म्हणून नाक कानांच्या तुलनेत ३० टक्के मोठे उमटते. आता कॅमेरा पाच फुटांवर, म्हणजे दीड मीटरवर न्या. नाक १५० आणि कान १६२ सेंटिमीटरवर, म्हणजे फरक ८ टक्क्यांवर येतो. दहा फुटांवर तो ४ टक्के उरतो. या सगळ्या हिशेबात लेन्सचे नावही आलेले नाही. आले ते फक्त अंतर.

हे नुसते कागदावरचे गणितही नाही. सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया मागणारे लोक वाढले, तेव्हा अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी चेहऱ्याचे गणिती प्रारूप तयार केले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्यांच्या हिशेबाने एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाक चेहऱ्याच्या रुंदीच्या मानाने सुमारे ३० टक्के रुंद भासते आणि पाच फुटांवरून काढल्यास हा फरक जवळजवळ उरत नाही. आपण एकमेकांशी बोलताना साधारण तीन ते सहा फुटांवर उभे असतो. त्या अंतरावरून दिसणारा चेहरा आपल्याला ‘खरा’ वाटतो. म्हणून चेहऱ्याच्या फोटोचा पहिला नियम लेन्सचे नाव न घेता सांगता येतो: किमान पाच फूट मागे उभे राहा.

मग लेन्स काय करते? पाच फुटांवर उभे राहिल्यावर चौकटीत किती जग मावेल, एवढेच ती ठरवते. वाइड लेन्सने पाच फुटांवरून चेहरा घेतला तर तो बिघडत नाही, पण चेहऱ्याभोवती पंखा, खुर्च्या आणि जेवणाच्या पंगतीही येतात. चेहरा चौकटीत भरावा म्हणून आपण पुढे सरकतो आणि बिघाड तिथे होतो. लेन्स गुन्हेगार नाही, फार तर ती आपल्याला गुन्ह्याच्या जागी घेऊन जाते.

मिलिमीटर म्हणजे हाताची लांबी

लेन्सवर लिहिलेले ५० किंवा ८५ मिलिमीटर म्हणजे तिचे नाभीय अंतर. बोलीत त्याला फोकल लेंथ म्हणतात. ते समजायला एक रिकामी फोटोफ्रेम पुरते. एक डोळा मिटा आणि फ्रेम डोळ्याजवळ धरा. तिच्यातून निम्मी खोली दिसते. आता डोके न हलवता हात लांब करा. फ्रेम तीच, पण तिच्यात आता फक्त समोरचे कपाट मावते. डोळा आणि फ्रेम यांतले अंतर म्हणजे नाभीय अंतर आणि फ्रेम म्हणजे कॅमेऱ्यातला सेन्सर. हात लांब केल्याने कपाट आणि भिंत यांचे नाते बदलले नाही, फक्त आजूबाजूचे कापले गेले.

याच प्रयोगात फ्रेम लहान घेतली, तर हात तेवढाच लांब असूनही कमी दिसते. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत अशीच लहान फ्रेम असते. जुन्या फिल्मएवढा, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरचा सेन्सर असला तर त्याला फुल फ्रेम म्हणतात. परवडणाऱ्या कॅमेऱ्यांतला सेन्सर बहुधा २३.५ × १५.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला बोलीत क्रॉप सेन्सर म्हणतात. म्हणून क्रॉप कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या सुमारे ७५ मिलिमीटरइतकेच जग दाखवते. कॅननच्या क्रॉप कॅमेऱ्यांचा सेन्सर किंचित लहान असल्याने तिथे हा आकडा ८० होतो. पुढचे हिशेब क्रॉप कॅमेरा धरून केले आहेत, कारण बेताच्या पैशांचा प्रश्न बहुधा त्याच घरात असतो.

आता फूटपट्टी काढू. कॅमेरा उभा धरून डोके आणि खांदे चौकटीत भरायचे, तर ३५ मिलिमीटरच्या लेन्सने तीन फुटांवर, ५० ने साडेचार ते पाच फुटांवर आणि ८५ ने पावणेआठ फुटांवर उभे राहावे लागते. कमरेपर्यंतचा फोटो हवा असेल तर अंतरे अनुक्रमे पाच, सात आणि बारा फूट होतात. डोक्यापासून पायापर्यंत, पैठणीच्या काठासकट पूर्ण माणूस हवा असेल तर दहा, चौदा आणि चोवीस फूट. दहा माणसांची सोळा फूट रुंदीची रांग आडव्या चौकटीत बसवायला ५० मिलिमीटरने पस्तीस फूट मागे जावे लागते. तीच रांग १८ मिलिमीटरने साडेबारा फुटांवरून मावते.

या आकड्यांत निवडीचे अर्धे उत्तर दडलेले आहे. पाच फुटांचा नियम पाळून डोके-खांदे भरणारी लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची आहे. त्यापेक्षा लहान घेतली तर पुढे सरकावे लागते, मोठी घेतली तर भिंत पाठीला लागते. मुंबईतल्या फ्लॅटमधला दिवाणखाना अनेकदा दहा बाय बारा फुटांचा असतो. त्यात बारसे किंवा डोहाळजेवण असेल तर ८५ मिलिमीटरने कमरेपर्यंतचा फोटोही निघत नाही. पूर्ण उभा माणूस घ्यायला ५० सुद्धा अपुरी पडते. त्या घरासाठी ३५ मिलिमीटर योग्य. गावाकडच्या लॉनवर किंवा मोठ्या कार्यालयात मात्र ८५ मोकळेपणाने वापरता येते. म्हणून ‘सर्वांत चांगली पोर्ट्रेट लेन्स कोणती’ या प्रश्नाआधी ‘माझे बहुतेक कार्यक्रम कुठे होतात’ हा प्रश्न विचारायला हवा.

भोकाचा हिशेब

दुसरे कोडे उजेडाचे. पावसात अंगणात लोटा आणि घमेले शेजारी शेजारी ठेवले तर दोन्हींवर पाऊस सारखाच पडतो, पण घमेल्यात पाणी जास्त जमते. तोंडाचा व्यास दुप्पट झाला की जमणारे पाणी चौपट होते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. लेन्सच्या आतल्या भोकाचे, म्हणजे ॲपर्चरचे, नेमके असेच आहे. पण एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. जुन्या वाड्यातल्या लांबट माजघरात खिडकी तेवढीच असूनही मागच्या भिंतीवर उजेड कमी पडतो. खोली दुप्पट लांब झाली की उजेड चौथाई होतो. म्हणून फक्त भोक मोजून भागत नाही. लेन्सच्या नाभीय अंतराला भोकाच्या व्यासाने भागावे लागते आणि येणारा आकडा म्हणजे एफ क्रमांक. तो जितका लहान, तितका उजेड जास्त.

५० मिलिमीटर, एफ/१.८ या लेन्सचे भोक ५० भागिले १.८, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर रुंद असते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, म्हणजे भोक जवळपास त्या नाण्याएवढे. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ/५.६ वर येते आणि तिचे भोक ९.८ मिलिमीटर भरते, म्हणजे जेमतेम शर्टाच्या बटणाएवढे. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यातल्या उजेडाचे गुणोत्तर काढले तर ते ९.७ पट येते. स्वस्त झूम आणि स्वस्त ५० यांच्यातला खरा फरक हा आहे.

हा फरक समारंभात कसा दिसतो? रात्रीच्या हॉलमध्ये आयएसओ, म्हणजे सेन्सरकडून आलेला संकेत किती वाढवून घ्यायचा तो आकडा, ३२०० ठेवला आणि लेन्स एफ/५.६ वर असली, तर बेताच्या दिव्यांत शटर सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत उघडे ठेवावे लागते. तेवढ्या वेळात वरमाला घालणारा हात चांगलाच पुढे सरकतो आणि फोटोत हाताऐवजी धुरकट पट्टा येतो. तोच उजेड, तोच आयएसओ, फक्त एफ/१.८ लावले की शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागावर जाते. माळ हवेत गोठते, उडालेल्या अक्षता वेगळ्या दिसतात. किट लेन्सने हाच वेग गाठायचा तर आयएसओ २५,६०० पर्यंत चढवावा लागतो आणि तिथे चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसू लागतात.

माणसांच्या फोटोंचा इतिहासही उजेडाच्याच बाजूने साक्ष देतो. १८३९ मध्ये दागेर याची फोटो काढण्याची पद्धत जाहीर झाली, तेव्हा फोटोसाठी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. इमारतींना ते जमले, माणसांना जमेना. दुसऱ्याच वर्षी, १८४० मध्ये, व्हिएन्नातील गणिती योझेफ पेट्झवाल याने सुमारे एफ/३.६ ची लेन्स गणिताने रचून काढली. आधीच्या लेन्सपेक्षा तिच्यातून कितीतरी पट उजेड येई आणि बसण्याचा वेळ मिनिटांवरून सेकंदांवर आला. त्यानंतरच पोर्ट्रेट स्टुडिओ हा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. म्हणजे माणसाचा फोटो शक्य झाला तो लांबचे पाहणाऱ्या लेन्समुळे नव्हे, तर उजेड आत घेणाऱ्या लेन्समुळे.

पन्नास मिलिमीटरच स्वस्त का?

इथे शंका येणे साहजिक आहे. इतकी गुणी लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्तांपैकी एक कशी? गुणवत्ता कमी असणार. उत्तर लेन्सच्या रचनेत आहे. या वर्गाच्या बहुतेक जुन्या लेन्सचा आराखडा डबल गॉस नावाचा, मध्यभागाच्या दोन बाजूंना जवळजवळ सारखी भिंगे मांडणारा. १८९६ मध्ये झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ याने सहा भिंगांची ‘प्लानार’ लेन्स याच रचनेवर केली. दोन्ही बाजू एकमेकींचे दोष खोडतात, त्यामुळे मोजक्या भिंगांत काम भागते. शंभराहून अधिक वर्षे ही रचना घासूनपुसून घेतली गेली आहे.

दुसरे कारण आरशाचे. डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्या मधे आरसा असतो. त्याला जागा हवी म्हणून लेन्स बसवण्याची कडा सेन्सरपासून दूर ठेवावी लागते. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यांत ती ४४ मिलिमीटरवर आणि निकॉनच्या एफ कॅमेऱ्यांत ४६.५ मिलिमीटरवर आहे. ५० मिलिमीटरची लेन्स या अंतरात जास्त खटपट न करता बसते. १८ किंवा २४ मिलिमीटरच्या लेन्सला मात्र आरसा ओलांडून प्रतिमा मागे फेकण्यासाठी जादा भिंगे लागतात. लांब लेन्सचा प्रश्न उलटा आहे. २०० मिलिमीटरवर एफ/२.८ हवे असेल तर भोक ७१ मिलिमीटरचे लागते, त्याहून मोठी काच लागते आणि किंमत अनेक पटींनी चढते. पन्नास ही लेन्स या दोन खर्चांच्या मधल्या सपाट जागेवर बसली आहे. त्यात ती प्रचंड संख्येने बनते. कॅननने १९८७ पासून ईएफ ५० एफ/१.८ ठेवली आहे आणि २०१५ ची तिची आवृत्ती अवघी १६० ग्रॅमची आहे.

स्वस्ताईची किंमत थोडी मोजावी लागतेच. बाहेरचे कवच प्लॅस्टिकचे असते, फोकस करताना मोटर थोडी घरघरते आणि पूर्ण उघड्या भोकावर कडा किंचित मऊ येतात. पण एफ/२.८ पर्यंत भोक लहान केले की बहुतेक अशा लेन्स कितीतरी महागड्या लेन्सइतक्या धारदार होतात. आणि एफ/२.८ वरही किट लेन्सच्या चौपट उजेड हाती उरतो. सगळ्याच कंपन्यांचे चित्र मात्र सारखे नाही. निकॉनच्या झेड मालिकेत ५० एफ/१.८ महाग आहे, तिथे ४० मिलिमीटर एफ/२ हा स्वस्त पर्याय आहे.

‘पण तिला झूम नाही!’

सर्वांत वजनदार आक्षेप हाच आहे. समारंभ कुणासाठी थांबत नाही. अंतरपाट दूर होतो त्या क्षणी फोटोग्राफर पुढे सरकू शकत नाही, कारण पुढे मामा, भटजी आणि हातातले फोन उंचावलेले वीस पाहुणे असतात. ‘पायांनी झूम करा’ हा सल्ला रिकाम्या बागेत ठीक, मांडवात नाही. शिवाय वर पाहिले तसे, पाय पुढे-मागे केले की चेहऱ्याचा आकारही बदलतो, म्हणजे पाय हे झूमला खरे पर्याय नाहीतच. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष तपासायला हवा. स्थिर लेन्स अडचणीची म्हणून स्वस्त, अंधारी झूम चांगली ठरत नाही. झूममुळे नवरदेव चौकटीत नीट बसतो, पण हललेला बसतो. चौकट नंतर संगणकावर कापता येते, हललेला हात नंतर थांबवता येत नाही.

आक्षेपाचे खरे उत्तर दोन लेन्सच्या जोडीत आहे. किट लेन्स विकू नका. तिची १८ मिलिमीटरची बाजू एफ/३.५ ची असते आणि गटाचे फोटो, मांडवाची सजावट, पंगत यांना ती पुरते. एका माणसाचा चेहरा, हळद लागताना, मुंजीत मातृभोजनाच्या वेळी, हे काम ५० करते. पुढे समारंभांतून पैसे मिळू लागले की १७-५० मिलिमीटर, सगळीकडे एफ/२.८ अशी झूम घ्यावी. टॅमरॉन आणि सिग्मा यांच्या अशा लेन्स डीएसएलआरसाठी जुन्या बाजारात मिळतात. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांसाठी सिग्माची १८-५० एफ/२.८ आहे. लांबचे काम वर्षातून दोन-तीनदाच असेल, तर ७०-२०० एफ/२.८ विकत घेण्यापेक्षा त्या दिवसापुरती भाड्याने आणावी.

दुसरा आक्षेप स्थिरीकरणाचा. झूम लेन्सवर हात स्थिर ठेवणारी यंत्रणा असते, मग उजेडाची चिंता कशाला? ही यंत्रणा फोटो काढणाऱ्याचा हात सांभाळते, माळ घालणाऱ्याचा नाही. देवळाचा गाभारा टिपायला ती वरदान आहे, नाचणाऱ्या वरातीत तिचा फारसा उपयोग नाही. तिसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा. दाणे पुसणारी साधने आता खूप सुधारली आहेत, हे खरे. त्यांच्यामुळे आयएसओ पूर्वीपेक्षा एक-दोन पायऱ्या वर नेता येतो. पण अंधाऱ्या फोटोत जे तपशील उमटलेच नाहीत, ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरते आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या मेणासारख्या गुळगुळीत होतात. शिवाय डीएसएलआर फोकस साधताना भोक पूर्ण उघडे ठेवतो. त्यामुळे एफ/१.८ ची लेन्स अंधारात कॅमेऱ्याला फोकस शोधायलाही मदत करते. हा फायदा नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने मिळत नाही.

फ्लॅशने भागणार नाही का?

हा आक्षेप मात्र अर्धा बरोबर आहे. वर फिरणारे डोके असलेला बाहेरचा फ्लॅश हा बेताच्या पैशांतला दुसरा शहाणा खर्च आहे. त्याचे तोंड पांढऱ्या छताकडे केले की छतच मोठा दिवा होते आणि उजेड चेहऱ्यावर मऊ उतरतो. दोन ओळींत उभ्या केलेल्या नातेवाइकांच्या फोटोला एफ/१.८ उपयोगाचे नाही, कारण मागची ओळ धूसर होईल. तिथे किट लेन्स, एफ/५.६ आणि छतावरून परतलेला फ्लॅश हीच जोडी बरोबर. पण छत वीस फूट उंच असेल तर उजेड परत येईपर्यंत विरून जातो, कारण अंतर दुप्पट झाले की तो चौथाई उरतो. मंडपाला लाल-पिवळे कापड ताणलेले असेल तर परतणारा उजेडही त्याच रंगाचा येतो. आणि मंगलाष्टका चालू असताना दर दोन सेकंदांनी पडणारा लखलखाट कुणालाच नको असतो. फ्लॅश म्हणजे लेन्सचा पर्याय नव्हे, जोडीदार.

एक बारीक सूचना इथेच. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/२५० वर नेले की काही फोटो उजळ, काही काळपट येऊ शकतात. कॅमेऱ्यात फ्लिकर कमी करण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. नसेल तर एकाच्या जागी तीन-चार फोटो घ्यावेत.

पातळ फोकसचा सापळा

एफ/१.८ मिळाले की नवा मालक प्रत्येक फोटो एफ/१.८ वरच काढतो. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरने साडेसहा फुटांवरून फोटो घेतला तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ११-१२ सेंटिमीटरचा असतो. एक चेहरा त्यात मावतो. वधू-वर शेजारी शेजारी, पण एक अर्धा फूट मागे असेल, तर एकाचे डोळे स्पष्ट आणि दुसऱ्याचे धूसर येतात. एफ/२.८ वर हा पट्टा १८ सेंटिमीटर आणि एफ/४ वर सुमारे २५ सेंटिमीटर होतो. म्हणून एकट्यासाठी एफ/१.८ ते २.२, जोडीसाठी २.८ ते ४ आणि गटासाठी ५.६ असा अंदाज धरावा. विधीचा फोटो असेल तर पार्श्वभूमी पुसून टाकणे नेहमीच चांगले नसते. सप्तपदीच्या फोटोत मागे डोळे पुसणारी आई ओळखू आली पाहिजे. मोठे भोक म्हणजे हातात आलेली मुभा. ती प्रत्येक वेळी वापरलीच पाहिजे असे नाही.

जुनी लेन्स पारखताना

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारासारख्या जागी, किंवा एखाद्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून, वापरलेली लेन्स घेऊन बराच पैसा वाचतो. पण कोकणपट्टीत लेन्सचा मोठा शत्रू आहे बुरशी. लेन्सच्या एका टोकाने फोनचा टॉर्च मारून दुसऱ्या टोकाने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती लेन्स सोडून द्यावी. एखाद-दुसरा धुळीचा कण मात्र फोटोत दिसत नाही. भोकाची पाती तेलकट नसावीत आणि चटकन मिटावीत. भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवून सरळ समोरून फोटो काढावा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरे सारखी येतात का ते पाहावे. एक बाजू मऊ येत असेल तर आतले भिंग सरकलेले असते.

कॅमेऱ्याशी जुळणी तपासणे त्याहून महत्त्वाचे. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यांवर जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स घ्यावी. कॅननची ईएफ लेन्स क्रॉप आणि फुल फ्रेम दोन्ही ईएफ कॅमेऱ्यांवर चालते, ईएफ-एस मात्र फुल फ्रेमवर बसत नाही. घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात कोंडू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावी. आर्द्रता ४० ते ५० टक्के असेल तर बुरशी धरत नाही.

थोडक्यात (चौकट)

- चेहऱ्याचा आकार लेन्स नाही, अंतर ठरवते. पाच फुटांहून जवळ जाऊ नये.
- क्रॉप कॅमेऱ्यावर पहिली लेन्स: हॉलसाठी ५० मिलिमीटर एफ/१.८, लहान घरांतल्या कार्यक्रमांसाठी ३५ मिलिमीटर एफ/१.८.
- फुल फ्रेमवर चेहऱ्यांसाठी हेच काम ८५ मिलिमीटर एफ/१.८ करते.
- किट लेन्स विकू नका, गटाला ती लागतेच.
- दुसरा खर्च: डोके फिरणारा फ्लॅश. तिसरा: वापरलेली १७-५० एफ/२.८.
- एफ/५.६ ची लांब झूम दिवसाउजेडी मैदानासाठी ठीक, रात्रीच्या हॉलसाठी नाही.
- ७०-२०० एफ/२.८ गरजेच्या दिवशी भाड्याने.

आणि हे सगळे विकत घेण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून पाहावा. किट लेन्स ५० वर लावा, झूमच्या कड्यावर चिकटपट्टी मारा आणि घरातल्या पुढच्या कार्यक्रमात फक्त तेवढ्यावर फोटो काढा. पाठ वारंवार भिंतीला टेकली, तर कड्याची पट्टी ३५ वर सरकवा आणि पुन्हा पाहा. जिथे चेहरेही मावतात आणि पाठही मोकळी राहते, तोच आकडा तुमच्या लेन्सवर असायला हवा. मग दुकानात जाऊन एवढेच मागा: या आकड्याची, एफ क्रमांक सर्वांत लहान असलेली आणि खिशाला परवडणारी लेन्स.